बांध कुठल्या चौकोनात?

औंढ्याचं नागनाथ मंदिर हिंगोली जिल्ह्याच्या नकाशावर नुसता बिंदू असतं. गावनकाशावर त्याला स्वतःचा आकार मिळतो. कयाधू नदी ही रेषा, सिद्धेश्वर धरणाचा जलाशय हे क्षेत्र. आकार प्रमाणावर ठरतो आणि तारखेवरही: ऑक्टोबरातला जलाशय मे महिन्यात तेवढा राहत नाही. म्हणून तारीख नसलेल्या नकाशावर विसंबू नये.

उपग्रहाचं चित्र मात्र चौकोनांचं बनलेलं असतं. सेंटिनेल-2 च्या उत्तम तपशिलाच्या चित्रात एक चौकोन 10 मीटर बाय 10 मीटर, म्हणजे 100 चौरस मीटर. सातबाऱ्यावरचा बरोब्बर एक आर! लँडसॅटचा 30 मीटरचा चौकोन नऊ आरांचा. वसमतकडच्या एखाद्या बांधावर असा चौकोन पडला, की अलीकडची हळद, पलीकडचं सोयाबीन आणि मधला लिंब मिळून एकच रंग उमटतो. तो रंग तिघांपैकी कुणाचाच नसतो. लहान तुकड्यांच्या शेतीत असे बांधावरचे चौकोन फार, आणि पीक ओळखण्यातली चूक बहुधा तिथेच होते.

जलाशयासारख्या सीमाही तारखेनुसार बदलतात. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे 1991 च्या जनगणनेतल्या परभणीची 2001 च्या परभणीशी थेट तुलना केली, तर लोकसंख्या एकदम घटलेली दिसेल. माणसं कुठेही गेली नव्हती. रेषा बदलली होती. अशी तुलना करायची तर आधी तालुक्यांचे, जमल्यास गावांचे आकडे नव्या हद्दीप्रमाणे जुळवून घ्यावे लागतात.