माझदा आणि रोटरी इंजिन : एका जपानी मोटार कंपनीचा इतिहास आणि मालकांचे अनुभव

प्रस्तावना

जपानी मोटार म्हटली की टिकाऊपणा, इंधनाची बचत आणि दुरुस्तीची फारशी गरज नसणे हे गुण सर्वसामान्य माणसाच्या मनात येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानी मोटार उद्योगाने जगभर जो लौकिक मिळवला, तो प्रामुख्याने याच गुणांवर उभा आहे. हिरोशिमा येथील माझदा कंपनीच्या रोटरी इंजिनाच्या मोटारी मात्र या लौकिकात सहजासहजी बसत नाहीत. त्या पेट्रोल अधिक जाळतात, इंजिनातील तेल पितात आणि मालकाने थोडी हयगय केली तर चालू होण्याचेच नाकारतात. असे असूनही त्यांना लाभलेला निष्ठावान मालकवर्ग फार थोड्या मोटारींच्या वाट्याला आला आहे. हे कोडे उलगडण्यासाठी कंपनीचा इतिहास आणि मालकांचे अनुभव एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागतात. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

माझदा हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. पंजाबमधील ‘स्वराज माझदा’ या कंपनीच्या लहान बसगाड्या आणि मालवाहू गाड्या प्रस्तुत लेखकाच्या पिढीने शाळेच्या दारात आणि बाजारपेठेत पाहिलेल्या आहेत. त्या कंपनीचे नाव २०११ मध्ये बदलून ‘एसएमएल इसुझू’ झाले. परंतु या गाड्या डिझेलवर चालणाऱ्या, साध्या रचनेच्या होत्या. रोटरी इंजिनाशी त्यांचा संबंध नव्हता.

बुचापासून मोटारीपर्यंत

३० जानेवारी १९२० रोजी हिरोशिमा येथे ‘तोयो कॉर्क कोग्यो’ ही कंपनी स्थापन झाली. नावावरूनच स्पष्ट होते की तिचा व्यवसाय मोटारींचा नसून बुचाचा होता. १९२१ मध्ये जुजिरो मात्सुदा तिचे अध्यक्ष झाले. पुढे कंपनी यंत्रनिर्मितीकडे वळली, १९२७ मध्ये नावातील ‘कॉर्क’ गळले आणि १९३१ मध्ये ‘माझदा-गो’ ही तीनचाकी मालवाहू गाडी बाजारात आली. ‘माझदा’ हे नाव पारशी धर्मातील अहुर माझदा या ज्ञान व प्रकाशाच्या दैवताचे आहे. त्याच वेळी ते मात्सुदा या आडनावाशीही जुळते. जपानी लिपीत आजही या नावाचा उच्चार ‘मात्सुदा’ असाच लिहिला जातो.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकण्यात आला. कंपनीचा कारखाना स्फोटकेंद्रापासून पाच किलोमीटरहून अधिक अंतरावर होता आणि मध्ये हिजियामा ही टेकडी होती. त्यामुळे इमारती बऱ्याच अंशी वाचल्या. शहरातील शासकीय कार्यालये नष्ट झाल्याने हिरोशिमा प्रांताचा कारभार काही काळ याच कारखान्याच्या आवारातून चालवला गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तीनचाकी गाड्यांचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. या शहराचे आणि कंपनीचे नाते केवळ रोजगारापुरते नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तेथील ‘हिरोशिमा तोयो कार्प’ या बेसबॉल संघाच्या नावातील ‘तोयो’ हा शब्ददेखील या कंपनीचाच आहे.

कंपनीची पहिली प्रवासी मोटार, आर ३६० कूपे, १९६० मध्ये आली. परंतु हाच काळ संकटाचा ठरला. जपानी बाजारपेठ परदेशी मोटारींना खुली होणार, तेव्हा देशी कंपन्या संख्येने थोड्या आणि आकाराने मोठ्या असाव्यात, असे तेथील व्यापार मंत्रालयाचे धोरण होते. लहान आणि राजधानीपासून दूर असलेल्या कंपनीला दुसऱ्या कोणात तरी विलीन व्हावे लागेल, हा धोका उघड होता. तत्कालीन अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा यांनी १९६१ मध्ये जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार करून फेलिक्स वांकेल यांच्या रोटरी इंजिनाचे तंत्रज्ञान मिळवले. स्वतंत्र राहायचे तर इतर कोणाकडे नाही असे काहीतरी आपल्याकडे हवे, हा त्यामागील हिशेब होता. एका अर्थी या इंजिनाची निवड कंपनीच्या अस्तित्वासाठी झाली. मालकाच्या सोयीचा विचार त्यात नंतर आला. पुढील सर्व इतिहासावर या क्रमाची छाया आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

इंजिनाची रचना आणि तिची दुखरी बाजू

नेहमीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरमध्ये वर-खाली होतो आणि त्या हालचालीचे रूपांतर चक्राकार गतीत करावे लागते. रोटरी इंजिनात दट्ट्याही नाही आणि झडपाही नाहीत. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेप्रमाणे मध्ये किंचित आवळलेली एक पोकळी असते. तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण, म्हणजेच रोटर, फिरत असतो. त्याची तिन्ही टोके पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहतात. त्यामुळे तीन कप्पे तयार होतात आणि फिरता फिरता प्रत्येक कप्प्याचा आकार लहान-मोठा होतो. मिश्रण आत घेणे, दाबणे, जाळणे आणि धूर बाहेर टाकणे ही चारही कामे या फिरण्यातच उरकतात. रोटरच्या एका फेऱ्यात मुख्य आस तीनदा फिरतो. हलणारे भाग थोडे असल्यामुळे इंजिन आकाराने लहान, वजनाने हलके आणि विलक्षण गुळगुळीत चालणारे होते.

दुखरी बाजू टोकांची आहे. रोटरच्या प्रत्येक टोकाला खाचेत एक बारीक पट्टी बसवलेली असते व तिच्यामागे स्प्रिंग असते. दोन कप्प्यांमधील वायू एकमेकांत मिसळू न देण्याचे सारे काम या पट्टीवर आहे. सुरुवातीच्या इंजिनांत ही पट्टी भिंतीवर थरथरत असे आणि थोड्याच तासांत भिंतीवर आडव्या ओरखड्यांची रांग उमटे. माझदाचे अभियंते या ओरखड्यांना ‘सैतानाच्या नखांचे व्रण’ म्हणत. १९६३ मध्ये केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संशोधन विभाग स्थापन झाला. त्यातील ४७ जणांची तुलना जपानी इतिहासातील स्वामिनिष्ठ ४७ सामुराईंशी केली जाते. पट्टीला आतून छिद्रे पाडून तिच्या थरथरण्याची वारंवारता बदलता येते, हे त्यांनी शोधले. प्रत्यक्ष उत्पादनासाठी मात्र कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची पट्टी वापरली गेली. ३० मे १९६७ रोजी दोन रोटरची ‘कॉस्मो स्पोर्ट’ ही मोटार विक्रीस आली. तिची केवळ १,१७६ इतकीच नगे तयार झाली.

त्याच वर्षी एनएसयूने ‘आरओ ८०’ ही आपली रोटरी मोटार आणली. तिची इंजिने इतक्या लवकर निकामी होऊ लागली की, रस्त्यात समोरासमोर आलेले दोन मालक आतापर्यंत किती इंजिने बदलली ते एकमेकांना बोटांनी दाखवत, असे सांगितले जाते. किश्शात अतिशयोक्ती असू शकेल. परंतु हमीच्या काळात फुकट बदलून द्याव्या लागलेल्या इंजिनांचा भार कंपनीला पेलला नाही आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगन समूहात गेली, ही वस्तुस्थिती आहे. ज्या कंपनीकडून माझदाने तंत्र घेतले ती बुडाली आणि घेणारी तरली, हा या इतिहासातील विरोधाभास होय.

पट्टीचा प्रश्न सुटला तरी ज्वलनाचा प्रश्न शिल्लक होता. रोटरी इंजिनातील ज्वलनकक्ष लांबट, चपटा आणि सरकता असतो. ज्योत त्याच्या कोपऱ्यांपर्यंत पूर्णपणे पोचत नाही व भिंतींमधून बरीच उष्णता निघून जाते. परिणामी पेट्रोलचा खप वाढतो. ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट आले आणि ही उणीव जीवघेणी ठरली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या चाचणीत शहरी वाहतुकीत या मोटारी गॅलनला सुमारे १० ते ११ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम साडेचार किलोमीटर धावतात असे जाहीर झाले. विक्री कोसळली, सुमितोमो बँकेला कंपनीच्या कारभारात लक्ष घालावे लागले आणि कारखान्यातील कामगारांना विक्रेत्यांकडे मोटारी विकण्यासाठी पाठवण्यात आले. १९७९ मध्ये फोर्डने कंपनीचे सुमारे २५ टक्के भांडवल घेतले. यानंतर रोटरी इंजिन सर्व मोटारींत बसवण्याचा विचार मागे पडला आणि ते मुख्यतः क्रीडा-मोटारींपुरते उरले.

मालकाच्या दिनक्रमात शिरलेले इंजिन

१९७८ मध्ये आलेली ‘आरएक्स-७’ ही या वर्गातील सर्वांत यशस्वी मोटार. २००२ पर्यंत तीन पिढ्यांत तिची आठ लाखांहून अधिक नगे तयार झाली. ती आणि तिच्यानंतरची ‘आरएक्स-८’ यांच्या मालकांचे अनुभव वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. इतर मोटारींचे मालक आपल्या मोटारीने काय दिले ते सांगतात, तर रोटरीचे मालक आपण मोटारीसाठी काय काय करतो ते सांगतात.

पहिली गोष्ट तेलाची. टोकांच्या पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून या इंजिनात एक छोटा पंप मोजून तेल ज्वलनकक्षात सोडतो आणि ते पेट्रोलबरोबर जळते. म्हणजे तेल कमी होणे हा येथे बिघाड नसून रचनेचाच भाग आहे. एक-दोन वेळा टाकी भरली की तेलाची पातळी पाहायची, ही मालकाची सवयच होते. कारखान्याने ठरवलेल्या तेलावर समाधान न मानता पेट्रोलच्या टाकीत थोडे दोन-स्ट्रोकचे तेल मिसळणारे मालकही पुष्कळ आहेत. आपल्याकडे जुन्या स्कूटरच्या मालकाला हा विधी नवा वाटणार नाही.

दुसरी गोष्ट थंड इंजिनाची. मोटार अंगणातून काढून चार पावले पुढे लावायची आणि बंद करायची, हे कोणत्याही घरात रोज घडणारे काम. रोटरीच्या बाबतीत ते महागात पडू शकते. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त सोडले जाते. इंजिन तापण्याआधीच बंद केले तर न जळलेले पेट्रोल आत राहते, भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते आणि स्पार्क प्लग भिजवते. दुसऱ्या दिवशी इंजिन नुसतेच फिरत राहते, सुरू होत नाही. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा, म्हणजे पेट्रोल बंद होते, आणि मग स्टार्टर फिरवत राहायचे, हा उपाय अनुभवी मालक नव्या मालकाला पहिल्याच भेटीत शिकवतो.

तिसरी गोष्ट दाबाची, ज्याला मेकॅनिक ‘कॉम्प्रेशन’ म्हणतात. पट्ट्या झिजल्या की दाब घटतो. त्याचे पहिले लक्षण म्हणजे लांबच्या प्रवासानंतर गरम इंजिन बंद केले की ते पुन्हा लवकर सुरू न होणे. हा दाब साध्या मापकाने नीट मोजता येत नाही, कारण एका रोटरच्या तीन बाजूंचे तीन आकडे स्वतंत्र मिळावे लागतात. त्यासाठी वेगळे उपकरण आणि ते वापरता येणारा मेकॅनिक लागतो. जुनी रोटरी मोटार विकत घेणारा माणूस रंग किंवा आसने पाहण्याआधी हे सहा आकडे मागतो. बऱ्याच मालकांना लाखभर किलोमीटरच्या आसपास, काहींना त्याहून पुष्कळ आधी, इंजिन खोलून नवे करून घ्यावे लागते.

या सगळ्याच्या बदल्यात काय मिळते, याचे उत्तर मालक बहुधा एकाच शब्दाने देतात : गुळगुळीतपणा. आरएक्स-८च्या अधिक शक्तीच्या आवृत्तीत इंजिनाचे फेरे मिनिटाला ९,००० पर्यंत जातात आणि तरीही थरथर जाणवत नाही. इंजिन लहान असल्याने ते पुढच्या आसाच्या मागे, खाली बसवता येते आणि मोटारीचे वजन पुढे-मागे जवळपास समसमान विभागले जाते. वळणावर त्याचा प्रत्यय येतो. शिवाय २३ जून १९९१ रोजी ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत चार रोटरच्या ‘७८७बी’ने जिंकली, ती पहिल्याच जपानी मोटारीने जिंकलेली होती. हा अभिमान मालकांच्या बोलण्यात आजही असतो.

जबाबदारी कोणाची?

आरएक्स-८च्या अनुभवांकडे थोडे वेगळ्या दृष्टीने पाहणे आवश्यक आहे. २००३ मध्ये आलेली ही मोटार चार दारांची, चार माणसांची होती. ती केवळ हौशी माणसाने नव्हे, तर कुटुंब असलेल्या, रोज कामावर जाणाऱ्या माणसानेही घ्यावी अशी कंपनीची अपेक्षा होती. सुरुवातच अडखळत झाली. जाहीर केलेल्या अश्वशक्तीपेक्षा प्रत्यक्ष अश्वशक्ती कमी असल्याचे मान्य करून कंपनीने त्याच वर्षी अमेरिकेतील ग्राहकांना मोटार परत करण्याचा पर्याय दिला. ज्यांनी ती ठेवली त्यांना ५०० डॉलर आणि हमीच्या काळात मोफत देखभाल देण्यात आली. पुढे दाब घटल्याच्या आणि इंजिन बदलण्याच्या तक्रारी वाढल्या. त्यानंतर २००४ ते २००८ या सालांच्या मोटारींसाठी अमेरिकेत इंजिनाच्या मूळ भागाची हमी ८ वर्षे किंवा १ लाख मैलांपर्यंत वाढवण्यात आली.

मालकांमध्ये यावरून कायमचा वाद आहे. एक पक्ष म्हणतो की तेल पाहिले नाही, इंजिन तापू दिले नाही, म्हणून ते गेले. दोष मालकाचा. दुसरा पक्ष विचारतो की, वापरायला दिलेली वस्तू इतकी नाजूक असेल तर दोष वापरणाऱ्याचा कसा? प्रस्तुत लेखकास दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. आरएक्स-७ घेणारा मनुष्य जाणूनबुजून या संसारात पडत असे. आरएक्स-८ घेणाऱ्या अनेकांना आपण कशात पडत आहोत याची कल्पना नव्हती. प्रयोगशाळेत न सुटलेला प्रश्न जेव्हा मालकाच्या दिनक्रमात ढकलला जातो, तेव्हा त्याची स्पष्ट सूचना विक्रीच्या वेळीच मिळाली पाहिजे. वाढीव हमी ही त्या चुकीची, उशिरा का होईना, दिलेली कबुली मानता येईल. परंतु ती मुदत संपल्यावर मोटार घेतलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकापर्यंत ती पोचली नाही. आज या मोटारी वापरणारे बहुतेक लोक नेमके याच गटातील आहेत.

अलीकडील घडामोडी

प्रदूषणाच्या कडक निकषांमुळे युरोपातील विक्री आधीच थांबली होती. २०१२ मध्ये आरएक्स-८चे उत्पादन बंद झाले, तोवर माझदाने सुमारे २० लाख रोटरी इंजिने तयार केली होती. फोर्डने आपला हिस्सा २००८ पासून कमी करत २०१५ मध्ये पूर्ण काढून घेतला. २०१७ मध्ये टोयोटाशी भांडवली सहकार्य झाले. जुन्या आरएक्स-७चे काही सुटे भाग कंपनीने जपानमध्ये पुन्हा बनवण्यास घेतले आणि मालकांनी त्याचे स्वागत केले.

२०२३ मध्ये रोटरी इंजिन पुन्हा उत्पादनात आले, पण वेगळ्या भूमिकेत. ‘एमएक्स-३० आर-ईव्ही’ या मोटारीची चाके विजेवर फिरतात. ८३० घनसेंटिमीटरचे एका रोटरचे इंजिन केवळ वीज निर्माण करण्यासाठी चालते. ते कधी सुरू करायचे आणि कधी बंद करायचे हे मुख्यतः मोटारीतील संगणक ठरवतो, त्यामुळे थंड इंजिन लगेच बंद करण्याची मालकाची चूक येथे बहुतांशी उरतच नाही. त्यातील रोटरच्या टोकांच्या पट्ट्यांची जाडी मात्र २ मिलिमीटरवरून अडीच मिलिमीटर करण्यात आली आहे.