ॲबी फिशरबाई सांगतात

अमेरिकेच्या दक्षिणी राज्यांतला स्वयंपाक म्हटला की गंबो, मक्याचा ब्रेड, तळलेलं चिकन, चवळी-भात ही नावं पुढे येतात. यातली चवळी मूळची आफ्रिकेची. तिथून ती पूर्वेकडे आपल्याकडे आली आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर पश्चिमेला अमेरिकेत पोचली. ती रांधणारे हातही बहुतेक आफ्रिकी वंशाच्या बायकांचेच होते. पुस्तकांवरची नावं मात्र दुसऱ्यांची. मेरी रँडॉल्फ यांचं ‘द व्हर्जिनिया हाउस-वाइफ’ १८२४ साली निघालं. त्यात भेंडी आहे, हळद-धणे-जिऱ्याची करी पावडरही आहे. पण रँडॉल्फबाईंच्या घरात राबत होते ते गुलाम. साउथ कॅरोलायनात १७४० च्या कायद्याने गुलामाला लिहायला शिकवणं हा गुन्हाच ठरवला होता. ज्यांना रांधता येत होतं त्यांना अक्षरओळख होऊ दिली नाही आणि त्यांची विद्या मालकिणींच्या नावावर जमा झाली. हा अन्याय पाककलेच्या इतिहासात अजून पुरता नोंदला गेलेला नाही, असं माझं मत आहे.

म्हणूनच १८८१ साली सॅन फ्रान्सिस्कोत छापलेलं ॲबी फिशर यांचं छोटंसं पुस्तक मला इतकं मोलाचं वाटतं. फिशरबाई साउथ कॅरोलायनात गुलामीत जन्मल्या, पुढे अलाबामात राहिल्या आणि यादवी युद्धानंतर कॅलिफोर्नियात आल्या. तिथे त्यांनी लोणची-मुरांब्यांचा व्यवसाय केला, प्रदर्शनांत पदकं मिळवली. त्यांना आणि त्यांच्या यजमानांना लिहितावाचता येत नव्हतं. प्रस्तावनेत त्या हे सरळ सांगतात. त्या बोलत गेल्या, दुसऱ्यांनी उतरवून घेतलं. ‘जांबालाया’ हा भाताचा पदार्थ पुस्तकात ‘जंबरली’ होऊन बसला आहे, तो या ऐकून लिहिण्यामुळेच.

त्यांचा भेंडीचा गंबो बघा. बैलाच्या पायाची नळी फोडून गॅलनभर पाण्यात उकळायची, पाणी निम्म्यावर आलं की गाळून पुन्हा चुलीवर ठेवायचं. भेंडी बारीक चिरून त्यात सोडायची. टोकं मात्र घालायची नाहीत. खाली लागू नये म्हणून अधूनमधून ढवळायचं. सोबत मोकळा भात, आणि तो शिजताना अजिबात ढवळायचा नाही. भातात मीठ शिजायला ठेवतानाच घालायचं. कृती चार-सहा ओळींची, पण शेजारी उभं राहून कुणी बजावतंय असं वाटतं.

बराच काळ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिकेचं हेच सर्वांत जुनं पाकपुस्तक मानलं जाई. मग मॅलिंडा रसेल यांचं १८६६ चं पुस्तक उजेडात आलं. ते मिशिगनमधल्या पॉ पॉ गावी छापलेलं. रसेलबाई टेनेसीच्या, जन्माने स्वतंत्र. खाणावळ आणि केक-पेस्ट्रीचं दुकान चालवून पै-पै साठवली होती, ती लुटारूंनी नेली. गावी परतण्यापुरते पैसे जमावेत म्हणून त्यांनी पुस्तक काढलं. त्यात बहुतांश केक, पुडिंग, मुरांबे. कृष्णवर्णीय स्वयंपाकीण म्हणजे गरिबाघरचं दक्षिणी जेवण, ही समजूत या पुस्तकाने खोडून काढली. व्हर्जिनियातल्या फॅनी स्टीवर्ड या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीकडे आपण शिकलो, हेही त्यांनी नावानिशी लिहून ठेवलं. गुरूचं नाव छापणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

फिशरबाईंच्या पुस्तकात अगदी शेवटी तान्ह्या बाळाची खीर आहे. मैदा चाळून स्वच्छ फडक्यात, आत पाणी शिरणार नाही असा घट्ट बांधायचा आणि दोन तास उकळायचा. गार झाल्यावर वरचा पापुद्रा काढून टाकायचा. मग लागेल तसा चमचाभर किसून उकळत्या दुधात घालायचा, वर साखर. बाळाला जुलाब होत असतील तर त्यातच दालचिनीचा दोन इंची तुकडा उकळायचा. ही मळ्यांवरची पद्धत, असं त्या सांगतात, आणि आपली अकराच्या अकरा मुलं याच खिरीवर वाढवली हेही.