दोन प्रेषक, एक आकाशक

दोन मोटांचे पाणी एकाच पाटात सोडले, तर शेतकऱ्याला अडचण येत नाही. पाटात पडलेले पाणी उलट मोटेत चढत नसते. मग दोन नभोवाणी-प्रेषक एकाच आकाशकाला, म्हणजे आपल्या बोलीतल्या एरियलला, जोडायला काय हरकत आहे, असे कोणी विचारील. उंच मनोरा उभारणे खर्चाचे काम. एकाच आकाशकातून दोन-तीन कार्यक्रम निघाले तर पैसा वाचतो. हेतू योग्यच आहे. परंतु विजेच्या लहरी पाण्यासारख्या वागत नाहीत.

दोन्ही तारा सरळ एकत्र बांधल्या, की पहिल्या प्रेषकाची शक्ती आकाशकाबरोबरच दुसऱ्या प्रेषकातही शिरते. ती नुसती वायाच गेली असती, तर एक वेळ चालले असते. पण तेथे शक्ती वाढविणाऱ्या अखेरच्या भागात दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात आणि तिसऱ्याच लहरी जन्माला येतात. त्यांपैकी सर्वांत त्रासदायक लहरींचे गणित सोपे आहे. कंप्रता म्हणजे लहरीची दर सेकंदाची आंदोलने. एका लहरीची कंप्रता दुप्पट करावी आणि तीतून दुसरीची वजा करावी.

इंग्लंडात केंट परगण्यातील रूटम येथे बी.बी.सी.ने २ मे १९५५ रोजी ८९.१, ९१.३ व ९३.५ मेगाहर्ट्झवर तीन कार्यक्रम सुरू केले. ९१.३ ची दुप्पट १८२.६. तीतून ८९.१ वजा करा; उरतात बरोबर ९३.५! म्हणजे पहिल्या दोघांची भेसळ नेमकी तिसऱ्याच्या घरात शिरणार.

यावर उपाय काय? प्रत्येक प्रेषकाच्या वाटेवर एक चाळणी बसवावयाची. ही चाळणी म्हणजे विशिष्ट मापाची धातूची पोकळ पेटी. ती आपल्या प्रेषकाची लहर पुढे जाऊ देते, परकी लहर परतविते. तिच्यापासून सांध्यापर्यंतचे अंतरही मोजून ठेवावे लागते. ९१.३ मेगाहर्ट्झची लहर हवेत सुमारे ३ मीटर २८ सेंटिमीटर लांब असते. तिच्या चतुर्थांशाचा, म्हणजे ८२ सेंटिमीटरांचा, हिशेब साधला, की परक्या लहरीला ती वाट जणू नाहीच असे होते. परत जाणारी शक्ती हजारावा हिस्सा इतकी उतरली, तरी १० किलोवॅटांपैकी १० वॅट उरतातच. म्हणून जाणता अभियंता तेवढ्यावर समाधान मानीत नाही.

दोन कंप्रता फारच जवळ असल्या, तर चाळणीला आपली कोण व परकी कोण हे ओळखता येत नाही. तेव्हा चार तोंडांचा जोड वापरतात. त्यात प्रेषक एकमेकांपासून सुटे राहतात. पण दोघांचीही निम्मी शक्ती एका रोधकात उष्णता होऊन जाते.

एवढा खटाटोप केवळ गाणे स्वच्छ ऐकू यावे म्हणून नाही. एफ.एम.चा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तेथून ११२ पर्यंत विमानांना धावपट्टीची मध्यरेषा दाखविणाऱ्या लहरींची हद्द असते. समजा, ९८.३ व १०४ चे दोन प्रेषक निष्काळजीपणे एकत्र जोडले. दोनशे आठांतून ९८.३ गेले, उरले १०९.७. धुक्यातून उतरणारा वैमानिक ज्या हद्दीत कान लावून असतो, तेथेच ही भेसळ पोहोचली!

तेव्हा आकाशक एक करणे ही कामाची अखेर झाली. खरे काम त्याआधीचे: दोघांना एकमेकांच्या घरात शिरू न देणे.