अडीच एकर, सोयाबीन, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी

२०२३च्या खरिपात राज्यात एक रुपयात पीक विमा मिळू लागला; २०२५मध्ये ही सवलत बंद झाली. त्या काळात अर्ज भरणे सोपे झाले, नुकसान कळवणे मात्र किचकटच राहिले. शेतात पाणी शिरले किंवा काढून वाळत घातलेले सोयाबीन भिजले, तर ७२ तासांच्या आत ॲपवर किंवा टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवावी लागे. माहिती मोजकीच लागे: गाव, गट नंबर, पीक, क्षेत्र, कारण, तारीख. असे काम यंत्राने मराठीत बोलून करून घ्यायचे ठरवले, तर ते यंत्र बांधायचे कसे? बीडसारख्या जिरायती जिल्ह्यात या प्रश्नाच्या उत्तरावर पुढच्या पेरणीचे पैसे अवलंबून असतात.

संगणकाशी गप्पा मारणे जुनेच आहे. जोसेफ वायझेनबाम यांची ‘एलायझा’ १९६६ची. पण तिला कुठलेही काम तडीस न्यायचे नव्हते. १९७७मध्ये झेरॉक्सच्या संशोधकांनी ‘गस’ ही प्रणाली मांडली. विमानप्रवास ठरवायला लागणाऱ्या माहितीचे रकाने तिच्यात आखलेले होते. ग्राहक बोलेल तसे ते भरायचे आणि रिकामा राहिलेला तेवढाच विचारायचा. कामाच्या संवादाची पुढची बरीच इमारत याच पायावर उभी राहिली.

मराठीतही हा प्रयत्न झाला आहे. केंद्र सरकारच्या मदतीने सहा भारतीय भाषांत शेतमालाचे बाजारभाव फोनवर सांगणारी प्रणाली तयार झाली. मराठीचे काम मुंबईत आयआयटी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेने केले. त्यासाठी गावोगावच्या बोलणाऱ्यांचे आवाज मोबाइलवर, आजूबाजूच्या गोंगाटासकट नोंदवले गेले. हा निर्णय अगदी योग्य होता. कारण शेतकरी फोन करतो तो बांधावरून, नाहीतर बसस्टँडवरून.

बाजारभाव सांगायला शेतमाल आणि बाजारपेठ कळली तरी भागते. विम्याच्या तक्रारीत खरी कसोटी लागते. बीडमधल्या आष्टी-पाटोद्याचा माणूस ‘अडीच एकर’ म्हणतो. सातबाऱ्यावर क्षेत्र असते हेक्टर-आरमध्ये. अडीच एकर म्हणजे साधारण एक हेक्टर, हा हिशेब यंत्राने करायचा. ‘पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पाणी शिरलं’ हे ऐकून पंचांगातली तारीख काढायची, कारण मुदत तासांत मोजली जात असे. तीन गोष्टी एका दमात सांगितल्या, तर त्या पुन्हा विचारायच्या नाहीत. आणि चूक जिथे महागात पडते, तिथे मात्र वाचून दाखवून ‘बरोबर आहे का?’ असे विचारायचेच. गावाचे नाव नोंदीतून ताडून घेता येते. गट नंबर चुकला तर मात्र पंचनामा दुसऱ्याच्या शेताचा होईल.

त्यातही ऊसतोडीचा पेच आहे. दिवाळीच्या सुमाराला बीडमधली हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे तूर उभी असते आणि घरी म्हातारे आईबाप. फोन वडील करतात, सातबारा मुलाच्या नावावर असतो आणि ओटीपी जातो उसाच्या फडात असलेल्या मुलाच्या मोबाइलवर. एकाच माणसाशी एकाच बैठकीत बोलायचे, हे गृहीत धरून बांधलेली प्रणाली इथे अडते. अर्धवट बोलणे जपून ठेवणे आणि दुसऱ्याने फोन केला तर तिथूनच पुढे नेणे ही इथली मूळ गरज आहे.

२०२५मध्ये राज्याच्या कृषी विभागाने ‘महाविस्तार’ ॲप आणले. त्यात मराठीत प्रश्न विचारता येतात. अशा ॲपमागची नवी भाषा-प्रारूपे (लँग्वेज मॉडेल) सफाईने बोलतात आणि धोका त्या सफाईतच आहे: तारखेचा रकाना रिकामा असतानाही ‘तुमची तक्रार नोंदवली’ असे गोड उत्तर येऊ शकते. म्हणून बोलणे समजून घेणे प्रारूपाकडे द्यावे, पण काय भरले आणि काय राहिले याचा हिशेब ‘गस’सारख्या काटेकोर रकान्यांकडेच ठेवावा. तक्रार क्रमांक हाती आल्याशिवाय ‘झाले’ म्हणू नये. दोनदा गफलत झाली की फोन माणसाकडे द्यावा.

किसान कॉल सेंटर २००४पासून चालू आहे. शेतकरी कसा विचारतो आणि कुठे अडतो, याचे शिक्षण तिथल्या माणसांइतके दुसऱ्या कोणाला मिळालेले नाही. यापुढे असे यंत्र बांधणाऱ्यांनी आधी त्यांच्याशेजारी बसावे, चाचणी बीडमधल्याच शिरूर कासार आणि वडवणीत घ्यावी, आणि किती लोक बोलले यापेक्षा किती तक्रारी शेवटपर्यंत नोंदल्या गेल्या हा आकडा दर हंगामाला तालुकावार जाहीर करावा.