आई-बाबांकडे सरकारी कार्ड आहे, मग आणखी विमा कशाला?

रियाध, दम्माम, जुबैल किंवा जेद्दाहमध्ये तुम्ही नोकरी करत असाल, तर स्वतःच्या आरोग्य विम्याचा फारसा विचार करावा लागत नाही. खासगी कंपनीने परदेशी कर्मचाऱ्याचा, त्याच्या जोडीदाराचा आणि मुलांचा विमा काढायचा, असा सौदीचा कायदाच आहे. आई-वडील मात्र त्यात आपोआप येत नाहीत. ते फॅमिली व्हिजिटवर आले की व्हिसासोबतचा विमा असतो, पण तो मुख्यतः आणीबाणीसाठी. गुडघा बदलायचा किंवा मोतीबिंदू काढायचा, तर ते गावीच.

म्हणजे खरा प्रश्न भारतातल्या विम्याचा. शुक्रवारी फोनवर विषय काढा, अनेक घरांतून एकच उत्तर येईल: ‘अरे, आमच्याकडे कार्ड आहे ना!’ उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे.

आधी बघू, कार्ड कुठलं? आई किंवा बाबा केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाले असतील, तर बहुधा सीजीएचएसचं. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत त्याचे दवाखाने आहेत. तपासणी आणि रोजची औषधं तिथे मिळतात, आणि यादीतल्या खासगी रुग्णालयात पेन्शनरांवर कॅशलेस उपचार होतात. दुसरं म्हणजे आयुष्मान भारतचं कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ते काढता येतं. कुटुंबातल्या ज्येष्ठांना मिळून वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं आणि जुन्या आजारांसाठी थांबावं लागत नाही. खासगी विमा असला तरी चालतो. सीजीएचएसवाल्यांना मात्र दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. ‘५ लाख’ हा आकडा ऐकला की आपल्याला वाटतं, ५ लाखांपर्यंतचं कुठलंही बिल सरकार भरेल. तसं नाही. सरकारी संरक्षण आधी रुग्णालयाचं असतं, मग रकमेचं. रुग्णालय यादीत हवं, तेही त्या विशिष्ट उपचारासाठी. त्या उपचाराचा दर ठरलेला असतो. बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांचं रुग्णालय यादीत नसेल, तर तिथल्या बिलासाठी आयुष्मान कार्डाचा उपयोग शून्य. शिवाय, दाखल न होता घेतलेल्या रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

अमेरिकेशी तुलना केली की फरक लगेच कळतो. तिथे ६५ नंतर मेडिकेअर मिळतं. दाखल न होता घेतलेल्या बहुतेक उपचारांचा साधारण ८० टक्के खर्च ते उचलतं, २० टक्के रुग्णाकडे राहतो. त्या २० टक्क्यांसारख्या फटी बुजवायला ‘मेडिगॅप’ नावाचा पूरक विमा आहे. त्याचे प्रकार १९९२ पासून अक्षरांनी ठरलेले आहेत: एकाच अक्षराचा प्लॅन कुठल्याही कंपनीकडून घ्या, मूळ फायदे तेच. पूरक विमा तिथे सरकारी विम्याच्या मापानेच शिवलेला असतो. आपल्याकडे माप आपणच घ्यायचं.

इथेच एक घोळ होतो. ‘५ लाख सरकारचे, त्यावर ५ लाख डिडक्टिबल असलेला सुपर टॉप-अप, झालं काम!’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. डिडक्टिबल म्हणजे विमा कंपनी जी पहिली रक्कम देत नाही ती. साधा टॉप-अप ती प्रत्येक वेळी वेगळी मोजतो, सुपर टॉप-अप वर्षभराची एकत्र मोजतो. समजा आई वर्षात दोनदा दाखल झाल्या आणि दोन्ही बिलं ४-४ लाखांची. साधा टॉप-अप काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप ८ मधून ५ वजा करून ३ लाख देईल. म्हणून घ्यायचाच तर सुपर.

पण ही दोन्ही बिलं यादीबाहेरच्या रुग्णालयाची असतील, तर पहिले ५ लाख कोण देणार? आयुष्मान नाही, सुपर टॉप-अपही नाही. ते तुमच्या खिशातून. दोन्ही कागद हातात असूनही फट नेमकी खालच्या मजल्यावर राहते. ती बुजवायचे दोन मार्ग: ५ लाखांची साधी पॉलिसी खाली आणि सुपर टॉप-अप वर, किंवा तेवढे पैसे बाजूला ठेवणं. हे पैसे तुमच्या सौदीतल्या खात्यात नकोत, आई-बाबांना लगेच काढता येतील असे हवेत.

सीजीएचएसचं गणित थोडं वेगळं. आणीबाणीत यादीबाहेर जावं लागलं, तरी सीजीएचएसच्या दराने परतफेड मागता येते. खासगी विमाही असेल, तर आधी कंपनीकडे दावा करायचा आणि उरलेल्या रकमेसाठी सीजीएचएसकडे जायचं. दोन्हींकडून मिळून प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त मिळत नाही. मूळ बिलं एकाच ठिकाणी जमा होतात, त्यामुळे प्रती आधीच काढून ठेवा.

‘आता या वयात विमा कोण देणार?’ हाही प्रश्न येतोच. एप्रिल २०२४ पासून ६५ ची जुनी अट गेली आहे. जुन्या आजारांसाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त ४ वर्षं होती, ती ३ झाली. जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता नियामकाला विचारल्याशिवाय वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. तरीही कंपनी नकार देऊ शकते. म्हणून ६९ पेक्षा ६२ व्या वर्षी काढलेला बरा. आणि मधुमेह लपवू नका, दावा तिथेच अडतो.

या शुक्रवारी तीनच गोष्टी विचारा. कार्ड नेमकं कुठलं? रात्री दोन वाजता छातीत दुखलं तर खरंच कुठल्या रुग्णालयात जाल? आणि ते यादीत आहे का? आयुष्मानसाठी हे १४५५५ वर विचारता येतं. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर पूरक विमा छोटा चालेल. ‘नाही’ असेल, तर तळापासून हवा.

जाता जाता तुमच्याबद्दल. फायनल एक्झिट लागला की कंपनीचा विमा संपतो, आणि सौदीत काढलेली वर्षं भारतातल्या पॉलिसीच्या मुदतीत मोजली जात नाहीत. परतायचा विचार असेल, तर स्वतःची भारतातली पॉलिसी तब्येत धडधाकट असतानाच सुरू करा. थांबण्याची मुदत तुम्ही इथे असतानाच सरून जाईल.