वाकता की फुगवता? पती-पत्नीने मिळून घ्यायचा एक निर्णय

मधुमेह झाला, रक्तदाब वाढला, मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले, या गोष्टी आपण विहारात, लग्नघरात, चाळीच्या गॅलरीत मोकळेपणाने बोलतो. परंतु त्याच मधुमेहाने शिश्नाची ताठरता गेली, हे मात्र माणूस डॉक्टरलाही सांगत नाही. पत्नीलाही सांगत नाही. तो पाठ फिरवून झोपतो. तिला वाटते, आपण नकोशा झालो, किंवा याचे बाहेर कुठे तरी आहे. तो मनात कुढतो आणि घरात विनाकारण चिडतो. अशा अबोल्यात कित्येक संसारांची चांगली वर्षे फुकट जातात. म्हणूनच या आजारावरील शेवटचा उपाय, म्हणजे शिश्नात बसवायचा इम्प्लांट, आणि त्यातल्या दोन प्रकारांपैकी कोणता निवडावा, याची माहिती आम्ही आज देत आहोत.

असला विषय कुटुंबाच्या पानावर कशाला, असे काही वाचक म्हणतील. त्यांना आम्ही १९३४ सालची आठवण देतो. रघुनाथ धोंडो कर्वे आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा त्यांचे वकीलपत्र घेऊन उभे राहिले ते परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. परंतु लोकांच्या शरीराविषयीच्या शंकांना शास्त्रीय उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, ही बाजू बाबासाहेबांनी कोर्टात मांडली. आपल्या पंचशीलातील तिसरे शीलही व्यभिचारापासून दूर राहायला सांगते. पती-पत्नीच्या सहवासाला ते पाप ठरवीत नाही. तेव्हा लाजायचे कारण नाही.

हा आजार आहे, शाप नव्हे

शिश्नात दोन बाजूंना स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. इच्छा झाली की त्यांत रक्त भरते व ते तेथे अडून राहते. यालाच ताठरता म्हणतात. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, तंबाखू, दारू यांनी रक्तवाहिन्या व नसा खराब झाल्या की हे काम नीट होत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर किंवा मणक्याला मार लागल्यावरही असे होते. पूर्वी याला सरसकट नपुंसकत्व म्हणत. तो शब्द माणसाला हिणवणारा आहे; आज डॉक्टर तो टाळतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे ताठरता कमी होणे ही पुष्कळदा हृदयविकाराची काही वर्षे आधी मिळालेली सूचना असते. अशा माणसाने प्रथम साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल व हृदय तपासून घ्यावे. लाजेपोटी गप्प बसणारा माणूस नुसता सहवास गमावत नाही, तो जीवही धोक्यात घालतो.

आधी हे करून पाहा

इम्प्लांट ही पहिली पायरी नाही. सिल्डेनाफिल ही गोळी १९९८ साली अमेरिकेत मान्य झाली. आज ती व तिच्या जातीच्या गोळ्या आपल्याकडे स्वस्तात मिळतात आणि बहुतेकांना उपयोगी पडतात. परंतु छातीत दुखण्यावर सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने त्या कदापि घेऊ नयेत. रक्तदाब एकदम कोसळून प्राण जाऊ शकतो. गोळीने न भागल्यास निर्वात पंप असतो, शिश्नात घ्यायचे इंजेक्शन असते. मनावरच्या ताणामुळे त्रास असेल तर समुपदेशनाने गुण येतो. हे सारे करून उपयोग झाला नाही, किंवा ते झेपत नसेल, तरच इम्प्लांटचा विचार करावा.

रस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेल्या वैदूंपासून आणि भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातींपासून दूर राहावे. त्यांच्या 'जडीबुटी'त पुष्कळदा हीच सिल्डेनाफिल, मात्रा न सांगता, मिसळलेली आढळते. कोणी सांगितले म्हणून मानू नये, स्वतः तपासून घ्यावे, अशी तथागतांची कालामांना शिकवण आहे. ती औषधाच्या पुडीलाही लागू आहे.

वाकता इम्प्लांट

यात सिलिकॉनच्या दोन कांड्या, बहुधा आत धातूची तार असलेल्या, शिश्नातील त्या दोन नळ्यांत बसवतात. शिश्न कायम टणक राहते. सहवासाच्या वेळी हाताने वर करायचे, एरवी खाली वाकवून ठेवायचे. झाले! यात पंप नाही, पाणी नाही, म्हणून बिघडायलाही फारसे काही नाही. ऑपरेशन सोपे व कमी वेळाचे असते. मुंबईचे अँड्रॉलॉजिस्ट डॉ. रूपिन शहा यांनी या जातीचा इम्प्लांट भारतात तयार केला. 'शहा इम्प्लांट' म्हणून तो ओळखला जातो. परदेशी फुगवत्या इम्प्लांटच्या तुलनेत त्याची किंमत कितीतरी कमी आहे.

तोटे असे : टणकपणा व जाडी सदैव तेवढीच राहते, त्यामुळे घट्ट पँटमध्ये किंवा पोहण्याच्या कपड्यांत ते जाणवू शकते. नैसर्गिक शिश्नासारखे ते कधी पूर्ण सैल पडत नाही. आतून सतत दाब राहत असल्यामुळे, ज्यांच्या शिश्नाची संवेदना कमी झाली आहे, उदाहरणार्थ मणक्याला इजा झालेल्यांची, त्यांच्यात कांडी कातडीतून बाहेर येण्याचा धोका अधिक असतो. पुढे प्रोस्टेटसाठी दुर्बीण घालायची वेळ आली तर तेही थोडे अवघड होते.

फुगवता इम्प्लांट

यातला सर्रास वापरला जाणारा प्रकार तीन भागांचा असतो. शिश्नात दोन पोकळ नळ्या, ओटीपोटात सलाईनची छोटी पिशवी आणि अंडकोशात पंप. पंप बोटांनी काही वेळा दाबला की पिशवीतले पाणी नळ्यांत जाते व ताठरता येते. काम झाल्यावर पंपावरची कळ दाबली की पाणी परत पिशवीत जाते व शिश्न सैल पडते. अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. स्कॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली हा प्रकार जगापुढे आणला. पुढे त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या.

ताठ व सैल या दोन्ही अवस्था नैसर्गिक वाटतात, कपड्यांतून काही दिसत नाही, हा याचा मोठा गुण. परंतु भाग अधिक, म्हणून बिघाडाची शक्यताही अधिक. दहा वर्षांनंतर साधारणपणे दहापैकी आठ इम्प्लांट चालू असतात. उरलेल्यांना पुन्हा ऑपरेशन लागते. पंप चालवायला बोटांत ताकद व थोडा सराव लागतो. किंमत लाखांत जाते.

कोणाला कोणता?

येथे आम्हाला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. महागडा तो श्रेष्ठ आणि स्वस्त तो गरिबाचा, असा हिशेब करू नये. शरीर, हात, घर आणि खिसा पाहून निर्णय घ्यावा.

समजा, पासष्टीचे एक निवृत्त रेल्वे कामगार आहेत. संधिवाताने बोटे वाकडी झाली आहेत, किंवा अर्धांगवायूने एक हात दुबळा आहे. लुंगी-पायजम्यात दिवस जातो. त्यांनी प्रॉव्हिडंट फंड मोडून फुगवता इम्प्लांट बसवला आणि पंपच दाबता येईना, तर उपयोग काय? त्यांना वाकताच सोयीचा. उलट पन्नाशीच्या आतले एक शिक्षक आहेत. रोज पँट घालून वर्गात उभे राहतात, हात धडधाकट आहेत, पुढची वीस-पंचवीस वर्षे समोर आहेत आणि कर्ज न काढता खर्च झेपतो. त्यांनी फुगवत्याचा विचार जरूर करावा. परंतु नातवाचे शिक्षण थांबवून किंवा सावकाराकडे जाऊन महागडा इम्प्लांट घ्यावा, असे आम्ही कोणालाही सांगणार नाही. पत्नीला मिळणारा सहवास दोन्हींत पुरेसाच असतो.

दोन्हींना लागू असलेल्या गोष्टी

ऑपरेशनात शिश्नातील मूळ स्पंजासारखा भाग निकामी होतो. नंतर इम्प्लांट काढला तरी जुनी ताठरता परत येत नाही. हा परतीचा रस्ता नसलेला निर्णय आहे, हे सही करण्यापूर्वी समजून घ्यावे.

इम्प्लांटने लांबी वाढत नाही. काहींना ती थोडी कमीच वाटते. इच्छा, स्पर्शाची संवेदना व वीर्यपतन पूर्वी जसे होते तसेच बहुधा राहते. नसलेली इच्छा मात्र यंत्राने निर्माण होत नाही.

सर्वांत मोठी भीती जंतुसंसर्गाची. आजच्या पद्धतीत पहिल्या ऑपरेशनात तो शंभरात एक ते तीन जणांना होतो, आणि झाला तर बहुधा इम्प्लांट काढावा लागतो. म्हणून मधुमेहींनी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून, साखर ताब्यात आणूनच ऑपरेशन करावे. तंबाखू-विडी बंद करावी. ऑपरेशननंतर सुमारे सहा आठवडे सहवास वर्ज्य असतो.

डॉक्टरांना न लाजता विचारावे : आपण अशी ऑपरेशने किती केली आहेत? माझ्यासाठी हाच प्रकार का? बिघडल्यास दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च कोण करणार? सर्व मिळून बिल किती? आरोग्य विमा असल्यास कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे. मुंबईत केईएम, शीव, जे.जे. यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत युरॉलॉजी विभाग आहेत; निदान पहिली तपासणी व सल्ला तेथे घ्यावा. इम्प्लांट बसवल्यावर त्याचे कार्ड जपून ठेवावे. पुढे लघवीची नळी घालायची किंवा एमआरआय काढायची वेळ आली, तर आधी डॉक्टरांना ते दाखवावे.

पत्नीचे मत

डॉक्टरकडे पती-पत्नीने बरोबर जावे. तिला काय हवे, कशाची भीती वाटते, हे तिने स्वतः सांगावे. पाळी गेल्यानंतर अनेक भगिनींना कोरडेपणामुळे सहवासात वेदना होतात. त्यावर साधे जेल मिळते, तेही त्याच वेळी विचारून घ्यावे. आणि तिला आता हे नको असेल, तर तेही मत मानले पाहिजे. लाखाचे यंत्र बसवले म्हणून पत्नीच्या शरीरावर हक्क मिळत नाही. काही जोडपी सारे समजून घेऊन ऑपरेशन नको ठरवतात, जवळ बसणे-बोलणे, मायेचा स्पर्श यांतच समाधान मानतात. तेही तितकेच योग्य.

बाबासाहेबांनी आपल्याला समतेचा मार्ग दाखवला. तो सभेच्या मंचावर जसा पाळायचा, तसाच घराच्या बंद दाराआडही पाळायचा. वाकता घ्यावा, फुगवता घ्यावा की काहीच घेऊ नये, हे दोघांनी मिळून, माहिती घेऊन, कर्ज न करता ठरवावे. आणि हा लेख वाचून कोणाला आपलीच कहाणी वाटली, तर त्याने आज रात्री पाठ फिरवून न झोपता पत्नीशी बोलावे आणि या आठवड्यात डॉक्टरकडे जावे.

जयभीम!