वेलीचं विष आणि भात्याचा श्वास

वनौषधींवरच्या लेखनात गुण म्हणजे वेलीच्या सालीत दडवून ठेवलेला ऐवजच वाटावा, अशी मांडणी असते. क्युरारेचा इतिहास मला वर्षानुवर्षं खुणावतो, कारण या समजुतीचा फोलपणा त्याच्याइतका लख्ख दुसरं कोणतंच औषध दाखवत नाही. ॲमेझॉन खोऱ्यातल्या शिकाऱ्यांचं हे बाणाचं विष. खोऱ्याच्या पश्चिमेकडे ते ‘कॉन्ड्रोडेंड्रॉन टोमेंटोसम’पासून करत, आणि ही वेल आपल्या गुळवेलीच्याच कुळातली. गयानात त्यासाठी ‘स्ट्रिक्नॉस टॉक्सिफेरा’ वापरत, तीही वेलच. विष रक्तात भिनलं की स्नायू लुळे पडतात आणि अखेर श्वास थांबतो. पोटातून मात्र ते फारसं शोषलंच जात नाही, म्हणून तर मारलेली शिकार निर्धास्त खाता येई.

चार्ल्स वॉटरटन या विक्षिप्त इंग्रज जमीनदाराने गयानातलं हे विष लंडनला नेलं. 1814 मध्ये ते एका गाढविणीला टोचलं गेलं. ती निपचित पडल्यावर श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने फुप्फुसांत हवा भरत राहिले, आणि काही तासांनी ती उठली. पुढे वीसहून अधिक वर्षं ती वॉटरटनच्या कुरणात चरत होती. माझ्या मते क्युरारे औषध होण्याची शक्यता त्या दिवशीच सिद्ध झाली: श्वास बाहेरून चालू ठेवला, तर विषाचा अंमल ओसरतो. क्लॉद बर्नारने पुढे बेडकांवर प्रयोग करून दाखवलं की मज्जातंतू शाबूत असतो, स्नायूही शाबूत असतो. तुटतो तो त्यांच्यातला निरोप.

1935 मध्ये हॅरल्ड किंगने संग्रहालयातल्या जुन्या नळीतल्या क्युरारेतून ट्युबोक्युरारीन वेगळं काढलं. ते कोणत्या वेलीचं, याचा उलगडा व्हायला 1943 उजाडलं. त्याआधीच, 23 जानेवारी 1942 रोजी, मॉन्ट्रियलच्या होमिओपॅथिक रुग्णालयात हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी क्युरारेचा अर्क वापरला होता. मग काहींचा समज झाला की एकटं क्युरारेच भूलही देतं. 1947 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात स्कॉट स्मिथ या डॉक्टरने स्वतःला पूर्ण लुळं करून घेतलं. सहकारी त्याचा श्वास चालवत होते. शुद्धीवर आणि वेदनेवर तसूभरही परिणाम झाला नव्हता, हे त्याने नंतर सांगितलं. हलू न शकणाऱ्या रुग्णाला सगळं कळत असतं, याहून भयंकर पुरावा कोणता?

खरा वाद पेटला 1954 मध्ये. बीचर आणि टॉड यांनी अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांतल्या सुमारे सहा लाख भुलींचा हिशेब मांडला. क्युरारेसारखी द्रव्यं वापरलेल्या रुग्णांत भुलीमुळे होणारे मृत्यू सुमारे सहापट निघाले. द्रव्यातच काही उपजत घातकता असावी, असा त्यांचा कल. आकडे नाकारण्यात अर्थ नाही, पण निष्कर्ष मला पटत नाही. लिव्हरपूलला सेसिल ग्रे आणि त्यांचे सहकारी तेच द्रव्य हजारावर रुग्णांना देऊन चुकले होते. त्यांची शिस्त मात्र निराळी: श्वास आपल्या हाताने द्यायचा आणि शेवटी निओस्टिग्मीनने अंमल उतरवायचा. या उताऱ्याचा पूर्वज फायसोस्टिग्मीन, तो कॅलाबार बीमधला. पश्चिम आफ्रिकेत आरोपीचा खरेखोटेपणा ठरवायला हे बी खाऊ घालत, आणि ते येतं एका वेलीलाच. एका वेलीच्या विषावर दुसऱ्या वेलीचं विष उतारा ठरतं, हे याकोब पालने 1900 मध्येच प्राण्यांवर दाखवलं होतं.

कुणी म्हणेल, हे श्रेय वेलीचं आणि ती ओळखणाऱ्या शिकाऱ्यांचं. बाकीच्यांनी फक्त सुई आणली. शिकाऱ्यांचं ज्ञान थोर होतंच. पण त्यांना प्राण घ्यायचा होता, म्हणून श्वास राखण्याची विद्या त्यांच्या कृतीत नव्हती, आणि त्या विद्येवाचून हे द्रव्य शस्त्रक्रियेत निरुपयोगी होतं. दुसरा आक्षेप असा की आज ट्युबोक्युरारीन मागे पडलंय, कृत्रिम द्रव्यांनी त्याची जागा घेतलीय. खरं आहे, पण त्या द्रव्यांनाही तोच पहारा लागतो. म्हणून एखाद्या वेलीतलं संयुग गुणकारी आहे, असं कुणी सांगितलं की मात्रा किती, शरीरात कोणत्या वाटेने आणि उलटलं तर सावरणार कोण, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरं मिळेपर्यंत ते संयुग औषध ठरत नाही.